बांधावरचं ‘औषध’: निंबोळी, करंज, दशपर्णी कुठे चालतं, कुठे चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात कीटकनाशकाला आजही ‘औषध’च म्हणतात. ‘मक्याला औषध मारलं’, ‘कोबीला दोनदा औषध झालं’ असं बोललं जातं. प्रत्यक्षात ते विष असतं, आणि ते ज्याच्या पाठीवर पंप असतो त्यालाही लागू होतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तेव्हापासून वनस्पतींपासून बनवलेल्या अर्कांबद्दल विचारणा वाढली आहे.

मात्र त्यासोबत दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘निंबोळी अर्कानं काही होत नाही, पाणी मारल्यासारखं आहे’. दुसरं म्हणजे ‘झाडपाल्याचं आहे, कितीही मारा, अपाय नाही’. ही दोन्ही मतं चुकीची आहेत. वनस्पतीजन्य अर्क काम करतात, पण ठराविक किडीवर, ठराविक अवस्थेत आणि नीट बनवले तरच. आणि त्यातले काही चांगलेच विषारी असतात.

निंबोळी नेमकी काय करते?

कडुनिंबाच्या बियांत ॲझाडिरॅक्टिन नावाचा घटक असतो. पानांतही तो थोडा असतो, पण खरा साठा बीच्या गरात. हा घटक अळीला लगेच मारत नाही. तो तीन कामं करतो. फवारलेलं पान अळीला नकोसं वाटतं, ती खाणं कमी करते. पोटात गेल्यावर तो तिच्या कात टाकण्याच्या प्रक्रियेत बिघाड करतो, त्यामुळे ती वाढू शकत नाही आणि काही दिवसांनी मरते. शिवाय मादी पतंग अशा पानावर अंडी घालायचं टाळते.

शेतकऱ्याची फसगत इथेच होते. संध्याकाळी फवारणी केली, सकाळी शेतात जाऊन बघितलं तर अळ्या जिवंत. मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून लगेच दुसरं औषध आणलं जातं. निंबोळीचा परिणाम मोजायचा तर मेलेल्या अळ्या मोजून चालत नाही. चार-पाच दिवसांनी नव्या पानांवर किती खाल्लंय ते बघावं लागतं.

या गुणाची शास्त्रीय नोंद बरीच जुनी आहे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीनं सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं सोडली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी टिपलं. १९६२ मध्ये दिल्लीत टोळ आले तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर मारून टोळ ते पीक खात नाहीत, हे दाखवलं. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये ॲझाडिरॅक्टिन वेगळं काढण्यात आलं. पुढे १९९४ मध्ये युरोपात कडुनिंबाच्या तेलावर आधारित बुरशीनाशकाचं पेटंट एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकी कृषी खात्याला मिळालं. भारतात हे ज्ञान पूर्वीपासून आहे, असा आक्षेप घेतला गेला आणि २००० मध्ये ते पेटंट रद्द झालं. २००५ मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं.

५ टक्के निंबोळी अर्क: प्रमाण आणि कृती

कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत सगळ्यात जास्त वेळा येणारा अर्क हाच.

* ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची जाडसर भरड करावी. एकदम पीठ केलं तर गाळताना त्रास होतो.
* ही भरड साधारण ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी.
* २०० ग्रॅम कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवावा.
* सकाळी भरडीचं पाणी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळावं. नीट गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं.
* त्यात साबणाचं पाणी घालून एकूण द्रावण १०० लिटर करावं आणि त्याच दिवशी वापरावं.

साबण विसरू नये. त्याच्याशिवाय कोबीसारख्या मेणचट पानावर थेंब ठरत नाहीत, ओघळून जातात.

फवारणी दुपारनंतर, ऊन उतरल्यावर करावी. ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. त्याचा प्रभाव साधारण आठवडाभरच टिकतो, म्हणून ८ ते १० दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. जोराचा पाऊस झाला तर त्याआधीच. खारट, क्षारयुक्त पाण्यातही तो टिकत नाही, त्यामुळे शक्यतो विहिरीचं गोडं पाणी वापरावं आणि बोर्डो मिश्रणासारख्या चुनखडी असलेल्या द्रावणात तो मिसळू नये. संध्याकाळच्या फवारणीचा आणखी एक फायदा म्हणजे मधमाश्या तोवर परतलेल्या असतात.

निंबोळ्यांचं वय आणि हंगामाचा मेळ

निंबोळ्या मे ते जुलै या काळात पिकून पडतात. पिवळ्या झालेल्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवायच्या. गोणपाटात किंवा टोपलीत ठेवायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. ओलसर राहिल्या तर बुरशी येते आणि बुरशी आलेली निंबोळी टाकूनच द्यावी.

साधारण ३ ते ८ महिने जुन्या निंबोळ्या सर्वात चांगल्या मानल्या जातात. म्हणजे जूनमध्ये वेचलेल्या निंबोळ्या सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात जोरात असतात. कोबी, फ्लॉवर, हरभरा, रब्बी भाजीपाला यांच्याशी हा मेळ बरोबर बसतो. हरभऱ्यावर घाटे अळी येते तेव्हा, फुलं लागायच्या सुमारास ५ टक्के अर्काची पहिली फवारणी ही महाराष्ट्रापासून माळव्यापर्यंत ओळखीची शिफारस आहे.

पण जुलैमधल्या मक्यासाठी घरात असतात त्या गेल्या वर्षीच्या, वर्षभर जुन्या निंबोळ्या. त्यांचा जोर कमी झालेला असतो. ‘गेल्या वर्षी चाललं, यंदा चाललं नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असतं. अशा वेळी बाजारातलं निमयुक्त कीटकनाशक घेणं बरं.

बाटलीवरचा ‘पीपीएम’ आणि खिशाचा हिशेब

दुकानात निमयुक्त कीटकनाशकं ३००, १५००, ३०००, १०,००० पीपीएम अशा ताकदीची मिळतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के, १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. ३०० पीपीएमच्या बाटलीत १५०० पीपीएमच्या एक पंचमांशच ॲझाडिरॅक्टिन असतं. म्हणून लिटरची किंमत बघून ‘स्वस्त’ ठरवू नये. किंमतीला पीपीएमनं भागावं, मग खरी तुलना होते.

घरच्या अर्काचाही हिशेब मांडावा. एकरी २०० लिटर द्रावण धरलं तर १० किलो निंबोळ्या आणि ४०० ग्रॅम साबण लागतो. १५ लिटरचे तेरा-चौदा पंप होतात. हंगामात तीन फवारण्या म्हणजे ३० किलो वाळलेल्या निंबोळ्या. मोठं झाड वर्षाला साधारण ३० ते ५० किलो ओली फळं देतं, वाळल्यावर वजन बरंच घटतं. म्हणजे एका एकरासाठी दोन-तीन चांगली झाडं आणि वेचणी, धुणी, भरडणी, गाळणी यांची मजुरी. रोख पैसा कमी जातो, पण घरचं म्हणून ते फुकट नसतं. बाटलीचा विचार केला तर १५०० पीपीएमचं प्रमाण साधारण लिटरला ५ मिली असतं, म्हणजे २०० लिटरला एक लिटर औषध. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळावं.

कुठे खरा उपयोग होतो?

मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींची सुरुवात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांची पहिली-दुसरी अवस्था, ही निंबोळीची जागा.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी हे चांगलं उदाहरण. ही कीड भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला आढळली आणि काही महिन्यांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली. अळी लहान असताना, पानांवर खिडकीसारखे पांढरट चट्टे दिसू लागताच पोंग्यात ५ टक्के निंबोळी अर्क किंवा १५०० पीपीएम ॲझाडिरॅक्टिन लिटरला ५ मिली मारण्याची शिफारस आहे. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसू लागली, अळी बोटाच्या पेराएवढी झाली, की निंबोळीची वेळ गेलेली असते.

कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग ही दुसरी कीड. १९५३ मध्ये जावा बेटावर डीडीटीला दाद न देणारी कीड म्हणून याची नोंद झाली. पिकावरच्या किडींत अशी ही पहिलीच नोंद मानली जाते. त्यानंतर एकामागून एक औषधं तिनं पचवली. बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेनं यावर कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी आणि निंबोळी अर्क अशी जोड सुचवली. पतंग मोहरीवर अंडी घालायला जातो आणि कोबीवरचा भार हलका होतो. याच संस्थेनं निम साबण आणि करंज साबणही तयार केले आहेत. अर्क गाळायची कटकट नको असेल त्यांना ते पाण्यात विरघळवून वापरता येतात.

तिसरी जागा सर्वात महत्त्वाची आणि तिचा संबंध सीमेच्या दोन्ही बाजूंशी आहे. गोव्याच्या भाजीचा मोठा भाग बेळगावहून घाट उतरून जातो. वांगी, भेंडी, मिरची, दोडका यांची तोडणी दोन-चार दिवसांनी चालू असते. रासायनिक औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर तोडणीसाठी जितके दिवस थांबायला सांगितलेलं असतं, तितके दिवस अशा पिकात कुणी थांबत नाही. थांबलं तर भेंडी जून होते. मग औषधाचा अंश थेट ताटात जातो. तोडणी सुरू झाल्यावर निमयुक्त फवारणीकडे वळणं हे म्हणून गिऱ्हाइकाच्या तब्येतीसाठी आणि मालाच्या नावासाठीही गरजेचं आहे. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे.

कुठे उपयोग होत नाही?

भाताच्या खोडात किंवा वांग्याच्या शेंड्यात-फळात शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोचत नाही. मोठ्या झालेल्या अळ्यांवर तो अपुरा पडतो. किडीचा उद्रेक झाल्यावर एकट्या निंबोळीवर विसंबून राहिलं तर पीक हातचं जातं. आठवड्यातून दोनदा शेतात फेरी, पिवळे चिकट सापळे, कामगंध सापळे, किडके शेंडे खुडून नष्ट करणं हे सगळं आधी आणि त्याला अर्काची जोड, असाच क्रम ठेवावा लागतो. एवढं करूनही कीड नुकसानीच्या पातळीवर गेली तर शिफारशीतलं रासायनिक औषध एकदा वापरणं यात कमीपणा नाही. पाच फवारण्यांच्या दोन झाल्या तरी पैसा आणि विष दोन्ही वाचतं.

इतर वनस्पती

गोकाक, अथणी, चिकोडी या कोरड्या भागात कडुनिंब भरपूर. खानापूर, चंदगड, सत्तरीच्या पावसात तो तितका दिसत नाही. तिथे ओढ्याकाठी करंज मिळतो. त्याच्या बियांच्या तेलात करंजिन असतं आणि ते साबणाच्या पाण्यात मिसळून मावा, तुडतुड्यांवर वापरतात. करंज असो वा निम, तेल कडक उन्हात मारलं तर पानं करपतात. आधी चार रोपांवर मारून दोन दिवस बघावं.

लसूण-मिरचीचा अर्क किडीला पळवतो, मारत नाही. सीताफळाच्या बिया प्रभावी आहेत, पण त्यांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. घरातल्या मिक्सरवर त्या कुटू नयेत.

दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, एरंड, रुई, पपई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर, धोतरा यांपैकी दहा प्रकारचा पाला, मिरची, लसूण, शेण, गोमूत्र घालून सुमारे महिनाभर कुजवतात. प्रमाण गावोगावी बदलतं, त्यामुळे एकाच्या शेतातला अनुभव दुसऱ्याला येईलच असं नाही. यातला धोतरा आणि कण्हेर हे दोन्ही पोटात गेले तर जीवघेणे आहेत. ड्रमवर झाकण आणि खूण हवी, ढवळायला लांब काठी हवी. शेण-गोमूत्र असलेला कोणताही अर्क कोथिंबीर, पालक, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर काढणीच्या तोंडावर मारू नये.

साठवणीसाठी उपाय सोपे आहेत. कडधान्य उन्हात वाळवून किलोला साधारण ५ मिली खाद्यतेल चोळलं तर भुंगा अंडी घालायचं टाळतो. वेखंडाची पूड मात्र पेरणीच्या बियाण्यापुरतीच ठेवावी, खायच्या धान्यात नको.

तंबाखू: नैसर्गिक, तरीही धोक्याचा

निपाणी भागात तंबाखूचा काढा ही जुनी माहितीची गोष्ट. विदर्भातील सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतल्या अग्निअस्त्रातही तंबाखू आहे. मावा त्यानं झटकन मरतो, हे खरं. पण निकोटिन कातडीतून अंगात शिरतं. ओल्या तंबाखूची पानं खुडणाऱ्या बायकांना मळमळ, चक्कर, उलटी होते, ती याचमुळे. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे, आणि सेंद्रिय शेतीच्या नियमांतही शुद्ध निकोटिन चालत नाही. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरचीला लागू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इमिडाक्लोप्रिड ज्या गटात येतं तो ‘निओनिकोटिनॉइड’ गट किडीच्या मज्जासंस्थेत निकोटिनच्याच जागी काम करतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड औषधं शेवंतीच्या जातीच्या पायरेथ्रम फुलातल्या घटकांच्या नमुन्यावर कारखान्यात बनवलेली आहेत. म्हणजे ‘झाडाचं’ आणि ‘केमिकल’ यांच्यात लोक समजतात तेवढी उंच भिंत नाही. कोणत्याही अर्काला हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा, फवारणीनंतर अंघोळ हे नियम लागूच. पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नये, माशांना अपाय होतो.

‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ बाटल्या

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार कीड मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मालाची केंद्रीय नोंदणी लागते. निमयुक्त कीटकनाशकालाही. ‘हर्बल’, ‘ऑरगॅनिक’ अशा नावानं नोंदणी नसलेला माल गावोगावी फिरतो. अशा मालात रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं आढळल्याची प्रकरणं देशात समोर आली आहेत. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी, बॅच, मुदत नसेल तर घेऊ नये. ‘झाडपाल्याचं’ म्हणून विकलेलं औषध तासाभरात अळ्या पाडत असेल, तर शंका घ्यायला हवी. पक्की पावती घ्यावी, तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

नावांची गल्लत

सीमाभागात आणि बाहेरच्या शहरांत दुकानदाराची भाषा वेगळी असते. कडुनिंब म्हणजे कन्नडमध्ये बेवू, तेलुगूत वेप, गुजरातीत लीमडो. करंज म्हणजे कन्नडमध्ये होंगे, तेलुगूत कानुग. निर्गुडी म्हणजे कन्नडमध्ये लक्की, गुजरातीत नगोड. कन्नडमध्ये होगेसोप्पू म्हणजे तंबाखू, होंगेशी त्याचा संबंध नाही. आणि बकाण निंब हे झाड कडुनिंबासारखं दिसलं तरी त्याच्या बिया या अर्काला चालत नाहीत. त्याची फळं गोल, घोसात लटकणारी, पानगळीनंतरही झाडावर राहणारी असतात.

विचारायचं कुठे?

कर्नाटकात रयत संपर्क केंद्र, गोव्यात विभागीय कृषी कार्यालय, महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकारी कार्यालय. बेळगाव जिल्ह्यात मत्तिकोप्प येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक देशभर मोफत आहे. जाताना किडलेलं पान किंवा अळी पिशवीत घालून न्यावी. ‘कसली तरी अळी पडली’ एवढं सांगून कुणालाही नेमका सल्ला देता येत नाही.

यंदा रब्बीत वापरायचं असेल तर तयारी पावसाआधीच करावी लागते. निंबोळ्या पडायला लागल्या की पहिल्या मोठ्या पावसाआधी वेचून घेतल्या, तर त्या स्वच्छ मिळतात आणि लवकर वाळतात. चिखलात पडून कुजलेल्या निंबोळ्यांचा अर्क कितीही निगुतीनं केला तरी चालत नाही.